दोन राजे एका पायरीवर

नाही नाही, उठू नका मॅडम, चकलीला अजून हातसुद्धा लावला नाहीत तुम्ही — ती तिळगुळाची चिगळी राहू दे, दाताला चिकटते, मीच केलीय म्हणून सांगते. आणि काय, मघाशी तुम्ही विचारलंत ना, ही दसऱ्याच्या बाहुल्यांतली, वरच्या पायरीवरची रक्तचंदनाची राजाराणी माझ्या माहेरची का, आणि मी 'हो' म्हटलं — ते 'हो' जरा घाईत गेलं. तसं अगदीच खोटं नाही हं. माहेरचीच आहे जोडी. फक्त माझ्या माहेरची नव्हे, समोरच्या जलजाक्षीच्या माहेरची. तो पिवळा बंगला दिसतो ना खिडकीतून, गच्चीवर जाईचा मांडव — तिचा तो. आणि खालचे दशावतार? तेही तिचे. अंबारीचा हत्ती, बँडवाले, ते लग्नाचं अख्खं वऱ्हाड — तिचंच. तळ्यातलं बदक मात्र माझं आहे. तळंही माझं, आमची कणीक मळायची परात आहे ती. तुम्ही सगळ्यात जास्त वेळ परातीकडेच बघत होतात असं मला वाटलं — नाही? बरं.

आता तुम्ही परीक्षक, पलीकडच्या पेठेतून आलात, तुम्हाला कुणाच्या बाहुल्या कुणाच्या हे कळणार नव्हतं. मी गप्प बसले असते तर चाललं असतं. पण मला गप्प बसणं जमत असतं तर आणखी काय हवं होतं. खरं सांगू, ह्या जलजाक्षीचा मी इतकी वर्षं जेवढा हेवा केलाय, तेवढा जप केला असता तर देवीनं दर्शन दिलं असतं. तिनं नाकात हिऱ्याची चमकी घातली तर मला सर्दी झाली. तिनं फ्रीज घेतला तेव्हा मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते की माठाचंच पाणी प्रकृतीला बरं — आणि एकदा तिच्याकडे हळदीकुंकवाला गेले तेव्हा गार सरबताचे दोन पेले प्यायले. शुक्रवारी पूजेला बसून डोळे मिटले, की देवीच्या जागी मला तिची स्वयंपाकघरातली काळी दगडी ओट्याची फरशी दिसायची. त्या फरशीला मी किती वेळा मनातल्या मनात हळदकुंकू वाहिलं असेल, ते त्या चामुंडीलाच माहीत.

आणि सगळ्यात वाईट काय ठाऊक आहे? बाई चांगली आहे. वाईट असती तर माझं सोपं झालं असतं. मी शोधलं हो — तिच्या घरात कुठेतरी दुःख असेल, एखादं दडवलेलं, ते एकदा सापडलं की मी सुखानं झोपेन, असं वाटायचं. मुलगा परदेशात, म्हणजे एकटी पडली असेल, म्हटलं — तर तो रोज फोनवर तोंड दाखवतो, सूनही मागून हात हलवते. नवरा घुम्मा असेल म्हटलं — तर तो तिला शेंगा सोलून देतो, वर गाणी म्हणतो, बेसूर का होईना. साखरेचा आजार तरी असेल — तर माझ्याकडे येऊन खिरीच्या दोन वाट्या संपवते आणि 'तुंगा, वेलची कुठून आणतेस गं' म्हणून विचारते. एवढं शोधून तिच्या घरात एक दुःख सापडेना. शेवटी मलाच झालं.

तर तुमच्या मंडळाची ही बाहुल्या मांडायची स्पर्धा. दर दसऱ्याला नंबर तिचा, फोटो तिचा, आणि पेपरातला तो फोटो कापून आणून मला दाखवायलाही तीच येते. माझ्या काय, तीन पायऱ्या — ट्रंक, त्यावर डबे, त्यावर फळी, वरून ह्यांचं जुनं धोतर. ह्या खेपेला मी चामुंडीला नवस बोलले. आई, एकदा नंबर येऊ दे, डोंगराच्या प्रत्येक पायरीला हळदकुंकू वाहत वर येईन. गुडघे असे, आणि नवस असा. ह्यांना सांगितलं तर हे 'हो हो' म्हणाले. ह्यांना ऐकू कमी येतं ना, आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलं, रेशीम विणताना. मी काहीही म्हटलं तरी 'हो हो' म्हणतात. आमचा संसार टिकला तो त्यावरच.

आणि बघा, नवरात्र बसायच्या दोन दिवस आधी जलजाक्षीकडे सुतक आलं. नंजनगूडचे कुणी चुलत सासरे, इतके म्हातारे की ते अजून होते हेच पुष्कळांना माहीत नव्हतं. मी दारात उभी राहून 'अरेरे' म्हटलं. तोंडानं म्हटलं. पोटात काय चाललं होतं ते सांगायला मला तुमच्याकडे पाठ करून बसावं लागेल. सुतकात बाहुल्या मांडायच्या नाहीत — म्हणजे ह्या वर्षी ती नाही. घरी येऊन मी देवापुढे साखर ठेवली. मेलेल्या माणसाच्या नावानं साखर — कुठल्या पोथीत सांगितलंय हो हे? मग भीती वाटली म्हणून त्या म्हाताऱ्यासाठीही हात जोडले. दोन्ही कामं एकाच उदबत्तीत उरकली.

संध्याकाळी तिनं हाक मारली. आत बोलावलं, स्वतः लांब भिंतीशी उभी राहिली. म्हणाली, बाहुल्यांना वर्षातून एकदा उजेड दिसतो, तोही नाही मिळाला तर त्यांना काय वाटेल. मी शिवणार नाही, तू उचल, हळदीचं पाणी शिंपड आणि तुझ्याकडे मांड. सगळ्याच्या सगळ्या. पायऱ्यासुद्धा ने.

आता ह्याला तुम्ही काय म्हणाल? मी म्हटलं, देवी पावली. आम्ही दोघांनी रस्ता ओलांडत ओलांडत सगळं आणलं, हे प्रत्येक बाहुलीला छातीशी धरून, लेकरू आणावं तसं. नऊ पायऱ्या ह्या खोलीत उभ्या राहिल्या आणि आमची खाट गेली मागच्या अंगणात. तेही चालेल म्हटलं. पण मग अडलं ते सगळ्यात वर. वरची पायरी राजाराणीची, लग्नात आईबापानं दिलेल्या जोडीची, हे तुम्हाला काय सांगायचं. तिची जोडी ही अशी, हातभर उंच, जरीचं काय, मोत्यांचं काय. आणि माझी — एवढीशी. राजाचं नाक उडालेलं. राणीचे डोळे तिरळे, ते माझ्यामुळेच. आईनं जोडी माझ्या लहानपणीच घेऊन ठेवली होती आणि मी एकदा खेळता खेळता राणीला काजळ घातलं, ते लाकडात मुरलं ते मुरलंच. एक डोळा राजाकडे, दुसरा भलतीकडेच. दोन्ही जोड्या शेजारी ठेवून बघितल्या. छे. एका पायरीवर दोन राजे कसे बसतील? आणि ह्या राजाच्या शेजारी माझा राजा त्याचा छत्री धरणारा दिसायला लागला.

मग मी काय केलं — तुम्ही चहा घ्या, निवतोय — मग मी माझी जोडी धोतराच्या तुकड्यात गुंडाळली आणि तांदळाच्या पिंपात आडवी ठेवली. आडवी. कळलं ना तुम्हाला? दशमीच्या रात्री आपण बाहुल्या आडव्या करतो, झोपा आता म्हणून, सण संपला म्हणून. मी नवरात्राच्या पहिल्याच दिवशी माझ्या राजाराणीला झोपवलं. आणि वरून झाकण लावलं.

तेव्हापासून लोक येतायत. आमची अख्खी वस्ती, सगळा अग्रहार येऊन गेला. आणि दारातूनच म्हणतात काय — 'जलजाक्षीच्या बाहुल्या बघायला आलो.' माझ्या चकल्या खातात, माझ्या चटईवर बसतात, आणि जाताना म्हणतात, नीट सांभाळताय हो तुम्ही. मी माझ्याच घरात राखणदार झाले. मांजर आलं की मी लाटणं घेऊन धावते. त्या राणीची मोत्याची नथ हलली की माझा श्वास हलतो. इतकी वर्षं देवीपुढे हेच तर मागत होते, तिचं वैभव माझ्या घरात येऊ दे. देवीनं पाठवलं. पत्ता अगदी बरोबर घातला माझा, नाव तेवढं तिचंच राहू दिलं.

काल संध्याकाळी जलजाक्षी आली होती. आत नाही, फाटकाशी उभी. मी म्हटलं, आता ही बघणार, कुठला बँडवाला वाकडा लागलाय, कुणाच्या पगडीला धूळ. तिनं तिथूनच उघड्या दारातून पाहिलं, खूप वेळ पाहिलं, तोंड भरून हसली, म्हणाली की तुझ्याकडे उन्हाची तिरीप येते, माझ्याकडे इतक्या सुरेख कधी दिसल्या नव्हत्या. आणि मग वर बघून तिचं हसू जरा थांबलं.

"तुंगा, तुझी तिरळी राणी कुठाय?"

एवढे लोक आले मॅडम, एवढ्या चकल्या संपल्या. कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, रंगवायला दिलीय. लगेच, पापणी न हलवता. तर ती एकदम फाटकाच्या सळया धरून म्हणाली, "अगं, रंगवू नकोस तिला. दरवर्षी मी तुझ्याकडे येते ती तिच्याशी नजर मिळवायला, आणि एकदाही मिळत नाही." आणि अशी हसली, तिला सुतक आहे हेसुद्धा विसरली. मग आठवलं, पदर तोंडाला लावून गेली.

मला रात्रभर वाटत राहिलं, सकाळी उठून पिंप उघडावं. उघडलं. आत नुसता तांदूळ. धोतराचा तुकडा नाही, राजा नाही, राणी नाही. म्हटलं, रुसून गेली. आईनं दिलेली, मी झोपवलेली, गेली. कोपरापर्यंत हात घालून सगळा तांदूळ चाळला. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला. हे मागच्या खोलीत, बंद पडलेल्या चुलीमागच्या कोपऱ्यात बोलत होते. ह्यांना वाटतं आपण कुजबुजतोय, पण ऐकू येत नाही ना, ह्यांची कुजबुज चौकातल्या फुलवाल्यापर्यंत जाते. वाकून बघते तर तांदूळ मापायचा शेर पालथा घातलेला, त्यावर माझं रेशमी ब्लाउजपीस, आणि त्यावर माझी राजाराणी. उभी करून ठेवली होती ह्यांनी. तांदूळ रोज हेच काढून देतात, पहिल्याच दिवशी सापडली असणार, तेव्हापासून रोज एक एक कण्हेरीचं फूल. मला एका शब्दानं बोलले नाहीत. आणि राजाला काय सांगत होते म्हणता?

"बाहेर पाहुणे आलेत. चार दिवस सांभाळून घ्या. ती येईल."

मी दाराशी उभी होते. मला आत जाता येईना. ह्या माणसाचा मी कधी कुणाला हेवा वाटू दिला नाही, मॅडम. म्हणजे ह्यांच्यामुळेही कुणाला माझा हेवा वाटावा, असं मला कधी सुचलंच नाही. मी समोरच्या खिडकीत डोळा लावून बसलेली, एक डोळा इकडे, दुसरा — जाऊ दे. राणी तिरळी का झाली ते आता कळतंय.

तर तुमचे गुण. हे सगळं जलजाक्षीचं, तेव्हा गुणही तिचेच. तुमच्या नियमात सुतक असलेल्या घराला देता येत नसतील, तर कुणालाच देऊ नका, पण माझ्या नावावर घालू नका. बदकाला वेगळे गुण देता येत असतील तर बघा — नाही, गंमत केली. नवसाचं काय? हो, नंबर नाही म्हणजे नवस सुटला, मीही आधी तसंच म्हटलं. पण सकाळपासून वाटतंय, जावंच. अर्ध्या वाटेवरच्या नंदीपर्यंत तरी हळदकुंकू वाहत जावं, हे धरतील हाताला. तिथून पुढचं देवी समजून घेईल. मागितलं ते दिलंन, न मागितलेलंही आधीपासून देऊन ठेवलंय, आणि मी मात्र पिंपाला झाकण लावून बसले होते.

बाहुल्या आत्ता हलवायच्या नाहीत, दशमीपर्यंत पाहुण्यांना उठवायचं नसतं. बसू दे त्यांना वर ऐटीत. छान दिसतायत, खरंच दिसतायत बघा, आता पहिल्यांदाच मला बघवतायत. मांजराचं मांजर बघेल. दशमीला मी स्वतः एकेक रस्त्यापलीकडे पोचवीन.

निघालात? थांबा, कुंकू लावते. आणि एवढ्या लांब आलाच आहात तर मागे येऊन जा, तिथे नऊ पायऱ्या नाहीत, पालथा शेर आहे नुसता. पेन पर्समध्ये ठेवा आधी. दार बुटकं आहे, डोकं सांभाळा. आरतीची वेळ झाली, आज मीच म्हणणार आहे तिथे, हे ताल चुकवतील, चुकवू देत.

थांबा — थांबा जरा इथेच. बोलू नका. आत हे राणीशी बोलतायत —

श्श.