सुतक इथूनच घरी आलंय

मंडळी, आज एकच विचारतो. देव आहे, हे दुसऱ्याला पटवायची घाई आपल्याला नेमकी कधी होते? समोरच्याच्या घरात प्रेत असतं तेव्हा! हसू नका, मी रागात आहे.

ऐका. बोरवंड गावात विश्राम घोलप नावाचा माणूस. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. पक्का नास्तिक! देवळासमोरून जाताना मान सरळ. सून सुलोचना मात्र एक आरती चुकवायची नाही. पण सासऱ्या-सुनेचं कधी वाजलं नाही. दोघांचा जीव रेणूत — सुलोचनाच्या पोरीत.

देवळात कुंड होतं. त्याचंच पाणी तीर्थ म्हणून द्यायचे. शेजारचं गटार फुटलं, कुंडात पाझरायला लागलं. विश्रामनं वास ओळखला, विश्वस्त दौलतरावांना भर सभेत जाऊन सांगितलं — कुंड झाका, तोवर उकळलेलं पाणी वापरा. दौलतराव म्हणाले, तीर्थ कधी बाटत नसतं. आणि सगळी सभा हसली. नास्तिक आम्हाला तीर्थ शिकवतो!

आठवड्यात घरोघरी पोरं आजारी. बाकीची वाचली. रेणू गेली.

आता दौलतराव सांत्वनाला आले. सांत्वन कसलं? वाद घालायला आले! म्हणाले, विश्रामराव, एवढं विश्व आपोआप झालं का? बनवणारा कुणीतरी हवाच. विश्राम भिंतीला टेकून बसला होता. म्हणाला, ‘असेल. पण गाडीचा ब्रेक लागला नाही, तर आम्ही बनवणाऱ्याला जाब विचारायचो. तुम्ही विचारणार का?’

दौलतराव म्हणाले, बाकीची लेकरं वाचली, ही त्याचीच कृपा. विश्राम म्हणाला, ‘ती लेकरं सलाइननं वाचली. कृपा असेल, तर माझ्या रेणूच्या खाटेपाशी येऊन परत का गेली?’

दौलतराव चिडले. देव नसेल तर चांगलं-वाईट ठरवायचं कशावर, असं विचारलं. त्यावर विश्राम उठून उभा राहिला.

‘मी देव न मानता सांगत होतो, पोरांना ते पाणी देऊ नका. तुम्ही देव मानून देत राहिलात. आता तुम्हीच ठरवा.’

मंडळी, माझ्या गळ्यात माळ आहे. देव आहे, यावर माझा श्वास चालतो. पण त्या घरात मी विश्रामच्या बाजूनं उभा राहिलो असतो. तुम्ही?

दुसऱ्या दिवशी विश्राम पत्रा घेऊन देवळाकडे निघाला. कुंड झाकायला! दारात दौलतराव आणि चार माणसं आडवी. नास्तिकाचा हात देवळाला लागू देणार नाही म्हणे. पत्रा ओढायला लागले. म्हाताऱ्याचा तळहात कापला, पण त्यानं सोडला नाही.

तेवढ्यात मागून सुलोचना आली. तिनं पत्र्याचं दुसरं टोक धरलं. दौलतराव ओरडले, तुला सुतक आहे, पायरी चढू नकोस.

ती म्हणाली, ‘हे सुतक इथूनच घरी आलंय, दादा. बाजूला व्हा. मी देवाला मानते, म्हणून आलेय.’

आडवी आलेली माणसं एकेक करून सरकली. शेवटी दौलतरावही. कुंड झाकलं गेलं, गटार दुरुस्त झालं.

आता तुम्ही वाट बघताय, की विश्रामनं शेवटी हात जोडले असतील. नाही जोडले! आजही जोडत नाही. सुलोचना आजही आरतीला जाते, आणि तीर्थ द्यायच्या आधी पाणी कुठलं ते विचारते. तिला हे विचारायला लेकरू जावं लागलं!

आणि तुम्ही? या मंडपामागे पिण्याच्या पाण्याची टाकी आहे. येताना मी पाहिली, तिचा नळ बंद करूनच इथं उभा राहिलो. झाकण नाही, आत कावळा मरून पडलाय. शेकडो माणसं तिच्याजवळून गेली, चपला काढून, हात जोडून, इथं येऊन बसली. तुमची लेकरं तेच पाणी पीत होती!

उठा. गजर मी करणार नाही. आधी ती टाकी रिकामी करा.