अंगणातला तेलाचा डाग

माझं तेव्हाही कोणाला खरं वाटलं नाही, आजही वाटत नाही. दिरानं त्याच्या जुन्या मोटरगाडीच्या इंजिनाचं गळणारं तेल घरीच पुठ्ठ्याचं पॅकिंग कापून बंद केलं. दुसऱ्या सकाळी मला मोटरीखाली काळा डाग दिसला.

"भाऊजी, तेल गळूनच राह्यलं."

"वहिनी, तुम्ही चूल सांभाळा."

मग बाकीचे उठायच्या आत मी अंगण सारवलं. रोज डाग, रोज सारवण.

पुढं जाऊबाईला कळा सुटल्या. मी ओरडले, "आधी तेल पाहा!" कोणी ऐकलं नाही. तिला मोटरीत घालून दवाखान्यात नेताना खामगावच्या वाटेवर तेल संपून इंजिन जाम झालं. बैलगाडी मिळेपर्यंत लेकरू पोटातच गेलं.

दीर म्हणाला, "डाग होता, तर मले काऊन नाही दिसला?"

सासू माझ्याकडं वळली. "गंगू, अंगण रोज सारवते कोण?"

मोटर त्याची, पुठ्ठा त्याचा, अन् लेकराच्या मरणाला नाव लागलं गंगूचं.