कॅसेटीतली कस्तुराबाई

ऊन म्हणजे कसलं ऊन होतं हो त्या दिवशी! भादव्याचं, टाळूत शिरणारं. वारं न्हाई, ढग न्हाई, दोरीवरचं धोतर जागचं हालना... आन असल्या उन्हात आमच्या घरमालकाला, त्या बसलिंगप्पाला, शेजारच्या रिकाम्या जागेत बोअर पाडायची हुक्की आली! मला एका अक्षरानं सांगितलं न्हाई, तिथंच घात झाला बघा. लातुरात आता ज्याला त्याला खोल्या बांधायच्यात. क्लास लावायला गावोगावची लेकरं येऊन राहिलीत, आन एकेका लेकरामागं एक म्हातारं, राखणीला आन भाकरी थापायला. तसा मीबी आलो. नात सुकन्या बारावीला, ती चार क्लास करती, मी चार बारी भांडी घासतो.

तर कस्तुराबाईचं सांगत होतो. खरी कस्तुराबाई, माझी मालकीण, म्हंजी बायको, ती त्र्याण्णवच्या भूकंपात गेली. ही दुसरी. टीव्हीतली होती, मान्य हाय मला... पर ऐका तर!

सुकन्याच्या मामानं नांदेडहून तिला व्हिडिओ गेम आणला होता. एक डबा, त्यात खुपसायची कॅसेट. मारामारीचा खेळ, पर नुस्ती मारामारी न्हाई हं! आपलं माणूस निवडायचं, नाव ठेवायचं, गावोगाव फिरवायचं, खानावळीत जेवू घालायचं. जिंकलं की ताकद वाढती, नावापुढचा आकडा वाढतो. सुकन्यानं लांब वेणीची एक बाई निवडली आन म्हणाली, "आबा, नाव काय ठेवू?" माझ्या तोंडातनं निघूनच गेलं. इंग्रजीत 'कस्तू' एवढंच मावलं, बाकीची बाई बाहेरच राहिली.

पुढं सुकन्याला अभ्यासातनं मान वर करायला फुरसत न्हाई. म्हणाली, "तुम्हीच खेळा आबा. फक्त चालू असताना कॅसेट ओढू नगा, समदं पुसून जातं."

मला अक्षर येत न्हाई, आकडे तेवढे कळत्यात. पंधरा दिवस ती बिचारी नुस्ती मार खाऊन राहिली, मी हिकडं म्हणायचो, "माफ कर गं, बटण चुकलं!" पर मला काय घाई? एकाचे दोन, दोनाचे पाच... एक्केचाळीसला नेली तिला, एक्केचाळीसला! खऱ्या कस्तुराबाईनं जन्मात कुणाला चापट मारली न्हाई, आन ही रेड्यासारख्या गड्यांच्या छाताडावर लाथा! शेजारच्या खोलीतली धुरपताबाई, चाकूरहून नातवाच्या राखणीला आलेली, दारातनं विचारायची, "काय भाऊ, वहिनी जिंकल्या का आज?" मी म्हणायचो, "हाव, दोघं लोळवले!"

आन जेवू घातल्याबिगर एकदाबी लढायला सोडलं न्हाई तिला. तिकडं खरी... समद्यांचं झाल्यावर टोपल्यात उरंल ते खायची. उरलं का, म्हणून मी कधी विचारलं न्हाई. ही टीव्हीतली होती, मान्य हाय मला...

तर त्या दुपारी खेळ ऐन रंगात, आन बुडाखालची फरशी थरथरली! मांडणीवरची भांडी वाजली! तुम्हाला सांगतो, आमच्याकडच्या माणसाला फरशी हालली की इचार सुचत न्हाई, पाय आपोआप बाहेर पळत्यात. अंगणात आलो... आन पाय थांबले. त्र्याण्णवलाबी मी असाच बाहेर होतो, शेतात राखणीला. ती घरात. दोन्ही हातांनी माती उकरली मी, दगड काढले... उशीर झाला होता. म्हटलं, ह्या खेपेला न्हाई! ह्या खेपेला आत टाकून यायचं न्हाई! फिरलो माघारी. धुरपताबाई वरडली, "भाऊ, कुठं चाललाव, मरताव का!" डबा वायरींत गुतलेला, सुटंना. मग कॅसेटच धरली, उपसली खस्सकन, छातीशी घेतली आन बाहेर येऊन वरडलो, "काढली! काढली बाहेर!"

तिकडनं बसलिंगप्पा पळत आला, अंगभर चिखल, तोंडभर हसू. "अय्यो आजोबा, भूकंप कुठला! बोअरची गाडी हाय ती! पाणी लागलंय, पाणी!"

समदे हसले. मीबी हसलो. लई हसलो...

सुकन्या क्लासहून आली, तिनं कॅसेट लावली. "आबा... रिकामं हाय." नाव न्हाई, आकडा न्हाई. म्हटलं, फुंकर मार. तिनं मारली, मीबी मारली. काही न्हाई. आता मला सांगा, एकदा आत ठेवली म्हणून गेली, एकदा बाहेर काढली म्हणून गेली... माणसानं शहाणं व्हायचं तरी कोणत्या बाजूनं? टीव्हीतली होती, मान्य हाय मला, मान्य हाय...

दोन दिवस मी सुकन्यापुरत्याच भाकरी थापल्या. तिसऱ्या दिवशी धुरपताबाई ताटली घेऊन आली, उंबऱ्यावर टेकली, माझ्याकडं बघितलं, बंद टीव्हीकडं बघितलं आन म्हणाली, "एकपासून सुरू करा की भाऊ परत. एक्केचाळिसाची गेली तर गेली... आता तरणी भेटंल!"