बाक कुणी मोडला?

हाडांच्या दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता. बुरशीवर संशोधन करणाऱ्या बाई मनगटाचं प्लास्टर सांभाळत बसल्या होत्या. शेजारी कंबर धरून बसलेल्या धिप्पाड गृहस्थांनी खिशातून लाकडाचा तुकडा काढून बायकोपुढे धरला.

“हे बघ! बागेतला बाक माझ्या वजनाने मोडलेला नाही. बुरशीने खाल्लाय.”

“आजपासून रात्री फक्त सूप. ठरलं ते ठरलं.”

“अगं, ऐकून तर घे. लाकडातल्या धाग्यांना धरून ठेवतं ते लिग्निन. बुरशीने नेमकं तेच तोडलंय. म्हणून तर हे असं पांढरं, भुसभुशीत झालंय.”

“तिला ना दात, ना तोंड. तोडते कशाने?”

“विकरं, म्हणजे पाचक रस सोडते. लाकूड आधी बाहेरच पचवते, मग आत घेते. आपल्या लेकीनेच सांगितलं.”

“आधी पचवते, मग खाते? शिका काहीतरी तिच्याकडून!”

“थट्टा नको. एका बाकापायी मला उपाशी मारू नकोस.”

“बरं, बाकाचा गुन्हा माफ. आणि स्वयंपाकघरातली खुर्ची?”

“तीही... बुरशीनेच.”

“प्लास्टिकची होती ती!”

बाईंच्या मांडीवरचं बुरशीवरचं पुस्तक पाहून गृहस्थ घाईघाईने त्यांच्याकडे वळले.

“ताई, बुरशी प्लास्टिक खाते का हो?”

बाईंना खोटं बोलवेना.

“काही जाती खातात.”

“ऐकलंस?”

“पण फार सावकाश. वर्षं लागतात.”

“लागू देत की! खातात ना?”

“मंगळवारी आणली, बुधवारी मोडली,” बायको म्हणाली. “सूप कशाचं करू, तेवढं सांगा.”