सीट कव्हरं शिवायला आलेली

नाही नाही, दारातून बोलायचं नाही, आत ये—शेजारीण जिन्यात उभी असते, तिला आधीच माझ्या घरचं माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. बस. चहा नाही करणार मी, राग मानू नकोस—म्हणजे मान हवा तर. सात महिने चार वाजले की तुझ्यासाठी आधण ठेवलं, आता हात वळत नाही. आणि नाव नको सांगूस बाई. खाली वर्कशॉपात एक नाव सांगितलंस, कोर्टात दुसरंच पुकारलं, दोन-दोन नावं लक्षात ठेवायचं माझं वय नाही. मी आपली पोरी म्हणायची, तेच म्हणते. काय? त्याला भेटायचंय? तुरुंगात? थांब. थांब जरा. आधी माझं ऐकून घे, मग बघू.

आलीस तो दिवस आठवतो मला. सीट कव्हरं शिवायला बाई पाहिजे अशी पाटी होती शटरवर, तू आलीस कापडी पिशवी घेऊन, मशीनवर बसलीस—आणि बॉबिन कुठे घालतात ते शोधायला लागलीस! टीप अशी वाकडी की कुणी बघितलं असतं तर गिऱ्हाईक पळालं असतं. मी म्हटलं, असेल नडलेली, नवऱ्यानं टाकलेली, म्हणून शिकवलं तुला. शिकलीस मात्र भराभर. आणि हा माझा पोरगा—चौतीस वर्षांचा घोडा, एवढा मोठा मिस्त्री, डोळे झाकून इंजिन खोलायचा, पण बाई समोर आली की पाना हरवल्यासारखा जमिनीकडे बघणार. तो जेवायच्या आधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायला लागला! मी वरून बघायची आणि एकटीच हसायची. तुझी पाठ दुखते म्हणून जुन्या गाडीची सीट कापून तुझ्या स्टुलावर बसवली त्यानं. तुला गाडी शिकवायला न्यायचा मागच्या मैदानात. तू दर वेळी क्लच सोडून गाडी बंद पाडायचीस आणि तो घरी येऊन पोट धरून सांगायचा, आई, आज अकरा वेळा बंद पाडली तिनं, अकरा वेळा! पोलिसातल्या बाईला गाडी येत नाही होय? येत होती ना? चांगली येत होती. पण काय हसायचा गं तो. बाप गेल्यापासून असा हसला नव्हता.

रडू नकोस. रडायचं असेल तर खाली जाऊन रड. माझ्यासमोर नको.

त्याचा धंदा तुला मी नव्यानं काय सांगू? शेठ चोरीच्या गाड्या आणायचा, हा चॅसीवरचा नंबर घासून नवा ठोकायचा. हात सुरेख होता त्याचा, आकडे असे बसवायचा की कंपनीनंच ठोकलेत वाटावं. मला काय म्हणायचा—जुन्या गाड्या आहेत आई, कागद हरवलेत. मी मानायची. मानायचं ठरवलं की काय मानता येत नाही? कव्हरं धुवायला वर यायची माझ्याकडे. मग तू यायच्या महिनाभर आधी ती पांढरी गाडी आली. ड्रायव्हरच्या सीटचं कव्हर, मानेपाशी डाग, तळहाताएवढा. म्हणाला, काहीतरी सांडलंय, गरम पाण्यानं घास. गरम पाण्यानं! बाईमाणसाला रक्ताचा डाग शिकवतो. गरम पाण्यानं पक्का बसतो तो. मी थंड पाण्यात भिजवलं, आणि बादलीपाशी बसून राहिले. पाणी गुलाबी झालं. दोन दिवसांनी पेपरात त्या ड्रायव्हरचा फोटो आला. कुणाचा तरी मुलगाच तो. त्याला शेठच्या माणसांनी मारलं होतं, माझ्या पोरानं नाही, हे मी देवासमोर सांगेन. पण गाडी त्यानं ठेवून घेतली. माहीत असून ठेवून घेतली.

आणि तू तरी काय केलंस—धाड पडली त्या दिवशी सकाळी, अकरा वाजले असतील, मी डबा घेऊन जिन्यात होते, सगळं बघितलं. माणसं आत घुसली. तू मशीनवरून उठलीस. त्याला वाटलं गुंड आलेत, शेठच्या भानगडीतले—तो हातोडा घेऊन तुझ्या पुढ्यात उभा राहिला. तुला पाठीशी घातलं त्यानं. म्हणाला, हिला हात लावायचा नाही. आणि तू मागून म्हणालीस, मिस्त्री, हातोडा खाली ठेवा, मी पोलिसांत आहे. त्यानं वळून बघितलं तुझ्याकडे. तू मनगट धरलंस त्याचं. त्यानं सोडवून घेतलं नाही गं. एवढा ताकदीचा माणूस. लहान पोराचा हात धरून शाळेत नेतात तसा गेला तुझ्याबरोबर.

माफीचा साक्षीदार हो, शिक्षा कमी होईल, असं तू सांगायला गेली होतीस, माहीत आहे मला. तुझ्या तोंडून आलं म्हणून त्यानं ऐकलंच नाही. नऊ वर्षं घेतली पदरात. मी काय म्हणून लिहिलं होतं, शेठला धरा, पोराला सांभाळून घ्या, त्याचा जीव साधा आहे, आणि झालं काय—

काय बघतेस?

लिहिलं म्हणजे... म्हटलं असेल मी मनातल्या मनात. चिठ्ठी? कसली चिठ्ठी? कोर्टात वाचली असेल कुणीतरी, तिथं ऐकलं असेल. वाचली नाही? कुणालाच दाखवली नाही तुम्ही?

बरं. मीच लिहिली. डाव्या हातानं लिहिली, अक्षर ओळखू नये म्हणून. झालं समाधान? मघाशी खोटं बोलले मी तुझ्याशी. नडलेली वगैरे काही वाटलं नव्हतं मला. पोलिसांना चिठ्ठी टाकून तीन आठवडे झाले होते आणि शिवता न येणारी बाई शिवायला आली—एवढंही कळू नये? पहिल्या दिवशी, तू बॉबिन शोधत होतीस ना, तेव्हाच ओळखलं. आणि गप्प बसले. तुझ्याकडून डबा खाली पाठवायची ती मुद्दाम. गाडी शिकव तिला, हे मीच त्याच्या कानात घातलं. वाटलं, हिचा जीव जडला तर ही वाचवेल त्याला. तू सात महिने नाटक करत होतीस म्हणतात सगळे. माझं कुणाला दिसलं नाही.

आणि मग त्या दुपारी आपण दोघी उसवण काढत बसलो होतो, आणि तू एकदम भावाचं सांगितलंस. एकोणीस वर्षांची असताना तूच त्याला पोलिसांच्या हवाली केलंस, आईनं दार बंद केलं ते मरेपर्यंत उघडलं नाही, खात्यात सगळीकडे अनाथ म्हणून लिहिलंस. मी कात्री हातात धरून बसले होते. ते तू खोटं रचलं नव्हतंस. असलं कुणी रचत नाही. तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं माझ्या, पोरी, मीही तेच केलंय. गिळलं. बोलले असते तर कदाचित दोघींनी मिळून काहीतरी... जाऊ दे.

महिन्यातून एकदा भेट असते. जाळीच्या पलीकडे बसतो. केस पांढरे झालेत कानापाशी. गेल्या वेळी काय म्हणाला ठाऊक आहे? म्हणाला, आई, सगळं खोटं निघालं, तू एक खरी आहेस, तुझ्यावर दिवस काढतोय. मी मान हलवली. काय करणार होते? त्या जाळीला हात लावून मान हलवली.

म्हणून सांगते, जाऊ नकोस. तुला त्याला सांगायचंय ना, की जीव खरंच जडला होता? नोकरीसुद्धा सोडलीस म्हणतेस. असेल. मी बघितलंय, मला सांगायची गरज नाही. पण तू गेलीस, की तो विचारणार, मग पोलिसांना कळवलं कुणी? आणि तुला आता त्याच्याशी खोटं बोलवणार नाही. त्याचा राग तुझ्यावर आहे, तो तुझ्यावरच राहू दे. तू तरुण आहेस, तुला झेपेल. माझ्यावर आला तर तो आत जगायचा नाही. आणि मीही नाही.

हो म्हण. तोंडानं म्हण. मान हलवलेली मला चालत नाही.

ऊठ आता. पदर नको धरूस—आई नको म्हणूस मला. जा. जा म्हणते ना.