हातचा कुठं गेला?

कामशेतला एसटीच्या रांगेत नुसरतबाई धुळीपायी तोंडाला ओढणी गुंडाळून उभ्या होत्या. पुढच्या दोघी, मागं कोण आहे हे न ओळखता, नुसरतबाई शिकवत त्याच चौथीच्या वर्गाबद्दल बोलत होत्या.

“सरुबाई, नातीला गणितात किती मार्क पडलं?”

“मार्कच न्हाईत. चुकल्याल्या बेरजेखाली बाईंनी लिवलंय, ‘हातचा कुठं गेला?’”

“आन बरोबर उत्तर?”

“त्ये बी लिवलं न्हाई.”

“मग बाई शिकवती तरी काय?”

नुसरतबाईंनी ओढणी नाकावर ओढली.

“आगं, पोरगी जेवायची थांबली. हातचा आपला आपण हुडकला, मगच ताटावर बसली. दुसऱ्या दिशी बाईंनी तसलीच नवी बेरीज घातली. ती बरोबर आली.”

“हुशार झाली म्हणायची.”

“लय. परवा माझ्या तांदळाच्या भाकरीच्या कडा फाटल्या. मी म्हनलं, पीठच वाईट. तर मला म्हणती, आज्जी, पिठाला नावं ठेवू नको, कुटं चुकलं त्ये हुडक.”

“मग, हुडकलं?”

“व्हय. उकड गार झाल्यावर मळली व्हती. परत केली, गरम गरम मळली. भाकरी टम्म फुगली.”

“मग काय म्हणाली नात?”

“म्हणती, आता आणखी एक करून दाखव.”