आवतनाले नाही कसं म्हनाव

निकिता : आबा, तुमचा फोन सकाळपासून टुनटुन करून राह्यला. दुपारी मीटिंग म्हनते, 'लॉटरी विजेते दौलतराव'. हे कॅलेंडरात कोनं टाकलं?

दौलतराव : त्यायनंच. मेलवर येते आन् आपोआप तारखेवर जाऊन बसते. मी 'हो' दाबतो.

निकिता : सगळ्यायले?

दौलतराव : नाव घेऊन बोलावलं तं नाही कसं म्हनाव, पोरी? आपल्या आसेगावात गोमतीबाई दारोदार आवतन सांगत फिरे. उंबऱ्याले कुंकू लावे आन् म्हने, "सांजीले चूलबंद." म्हंजे घरात चूल पेटवाची नाही, लहानमोठे सगळे जेवाले. तुही आजी कितीबी थकली असो, 'येतो' म्हने. ते दिवस आठवले का अजून जीव तुटते.

निकिता : हे आवतन नाही, आबा, लुच्चे हायेत. 'हो' दाबलं का त्यायले समजते घरात मानूस हाये, मंग अजून धाडतात. उत्तर द्याचंच नाही, स्पॅम म्हनून कळवाचं. आन् हे सेटिंग केलं का वळखीच्यायचंच दिसन.

दौलतराव : कर बाप्पा.

निकिता : थांबा. हे तं धीरज काकाचं हाये. पुन्याच्या नव्या घराची वास्तू, रविवारी. याले काहून उत्तर नाही?

दौलतराव : राहू दे ते.

निकिता : काका वाट पाहून राह्यले. बाबाले म्हने, आबा येत नाहीत वाटते.

दौलतराव : घरच्याले कोनी आवतन देते का? पोरानं बापाले मेल धाडला, म्हंजे मले पाव्हना केलं. मले वाईट वाटलं, झालं.

निकिता : कोनाकोनाले धाडलं ते तं पाहा. राधिका काकू, बाबा, मी. बाहेरचं एकबी नाव नाही. आन् हे... आजीच्या मेलवरबी गेलं हाये.

दौलतराव : कस्तुराच्या? तिले जाऊन वर्ष झालं. त्याले काय मालूम नाही?

निकिता : मालूम हाये, म्हनूनच टाकलं असन. तिचं खातं याच फोनात हाये. 'उत्तर आलं नाही' दाखवून राह्यलं.

(चष्मा स्वच्छच असतो, तरी दौलतराव तो धोतराच्या सोग्यानं पुसत बसतात.)

निकिता : आबा, तुमचं 'हो' दाबू?

दौलतराव : पह्यले तिचं दाब, मंग माहं. आमी आवतनाले संगंच जात होतो.